सोपी आणि मायाळू : जपानच्या सोप्या भाषेची गोष्ट

भूकंप म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्लारी उभी राहते. ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट, मातीचे ढिगारे झालेली घरे आणि त्या ढिगाऱ्यांखाली गेलेली माणसे. ती पहाट भोगलेले लोक आजही आपल्यात आहेत. त्या काळोखात गावकऱ्यांजवळ काहीच उरले नव्हते. पण एकमेकांना हाक मारायला आपली भाषा तरी होती. कोण कुठे अडकले, पाणी कुठे मिळेल, पुन्हा हादरा बसेल का, हे विचारता येत होते आणि मिळालेले उत्तर कळत होते.

आता अशी कल्पना करा, की तसाच भूकंप झाला आहे, पण आपण परमुलखात आहोत. पोटासाठी तिथल्या कारखान्यात राबत आहोत. बाहेर लाऊडस्पीकरवरून काहीतरी सांगताहेत आणि त्यातला एकही शब्द उमगत नाही. पोर कडेवर घेऊन डावीकडे पळावे की उजवीकडे? घरात परत जावे की जाऊ नये? अशा वेळी न समजलेला शब्द हा जिवाशी खेळ होतो.

ही नुसती कल्पना नाही. जपानमधील कोबे शहरात हजारो मजुरांवर हाच प्रसंग आला होता. त्यातून जपानी लोकांनी जो धडा घेतला, तो आपल्या प्रत्येक कुटुंबाने ऐकण्यासारखा आहे. म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत.

बूट शिवणाऱ्यांची वस्ती

१७ जानेवारी १९९५. पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी कोबे शहर हादरले. त्या भूकंपात ६,४३४ माणसे मृत्यू पावली. कोबेतील नागाता हा भाग तर आगीने भाजून निघाला. नागाता म्हणजे कामगारांची वस्ती. तेथे कृत्रिम चामड्याचे बूट तयार करण्याचे लहानलहान कारखाने होते. पिढ्यान्‌पिढ्या जपानमध्ये राहणारे कोरियन लोक आणि युद्धानंतर आपला देश सोडून आलेले व्हिएतनामी निर्वासित त्या कारखान्यांत काम करीत. दाटीवाटीची जुनी लाकडी घरे, त्यातच राहणे आणि त्याच्याच शेजारी कामाची जागा. आपल्या वाचकांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

घरे गेल्यावर व्हिएतनामी कुटुंबे उद्यानात ताडपत्र्या बांधून राहिली. मदत येत होती, सूचना लागत होत्या. पण त्या सूचना बहुतेक जपानीत, फार तर इंग्रजीत. ज्याला दोन्ही भाषा नीट येत नाहीत त्याने काय करावे? 'हिनान्जो' येथे जा, असे सांगितले जाई. हिनान्जो म्हणजे आसरा घेण्याची जागा. रोज कारखान्यात बूट शिवणाऱ्या बाईच्या कानावर हा शब्द कधी पडणार? 'दान्सुइ' असे लिहिलेले असे. म्हणजे पाणीपुरवठा बंद. 'ताकिदाशी' आहे असे फलक लागत. म्हणजे गरम जेवण फुकट वाटप चालू आहे. पोटात भूक असून, जेवण शेजारी असून, केवळ शब्द न कळल्यामुळे माणूस उपाशी राहू शकतो.

पुढे हिशेब मांडला गेला तेव्हा दिसून आले, की परदेशी रहिवाशांतील मृत्यूचे प्रमाण जपानी लोकांपेक्षा जास्त होते आणि जखमींचे प्रमाण तर दुपटीहून अधिक. याचे सगळे खापर भाषेवर फोडता येणार नाही. गरिबाचे घर आधी पडते, हे सत्य तेथेही होते. परंतु वाचलेल्यांना पुढचे दिवस काढताना भाषेची भिंत पावलोपावली आडवी आली, हे निश्चित.

एका उच्चारासाठी मरण

नागातातील कोरियन लोकांच्या मनात आणखी एक जुनी भीती होती. १ सप्टेंबर १९२३ रोजी टोकियो परिसरात महाभयंकर भूकंप झाला होता. त्या वेळी अफवा उठली, की कोरियन लोक विहिरींत विष टाकताहेत. मग टोळ्या रस्त्यावर उतरल्या. वाटसरूंना थांबवून 'पंधरा येन पन्नास सेन' हे शब्द जपानीत म्हणायला लावीत. कोरियन माणसाच्या जिभेला त्यातले काही उच्चार साधत नसत. उच्चार चुकला की माणूस मारला जाई. अशा रीतीने हजारो कोरियन लोकांची कत्तल झाली. विहिरीच्या पाण्यावरून माणसाला माणूस न मानण्याची गोष्ट आपल्याला वेगळी सांगायला नको.

ती आठवण असल्यामुळेच १९९५ च्या भूकंपानंतर नागातातील कोरियन लोकांनी छोटे रेडिओ केंद्र सुरू केले. व्हिएतनामी लोकांसाठीही तसेच एक सुरू झाले. अफवा पसरण्याआधी खरी बातमी आपल्या माणसांच्या कानी जावी, हा त्यामागचा हेतू. पुढे ही दोन्ही केंद्रे एकत्र आली आणि भूकंपानंतर बरोबर एक वर्षाने, १७ जानेवारी १९९६ रोजी, 'एफएम वाय-वाय' हे अनेक भाषांतील केंद्र रीतसर सुरू झाले. शोषितांनी आपला आवाज आपणच उभा केला, याचे हे चांगले उदाहरण होय.

जाणत्याने खाली उतरावे

पण कोबेत कितीतरी देशांचे लोक होते. भूकंप झाल्या क्षणी इतक्या सगळ्या भाषांचे दुभाषे कोठून आणणार? भाषांतर व्हायला दिवस लागतात आणि जीव तर पहिल्या ७२ तासांत वाचवायचा असतो. या प्रश्नावर उत्तर जपानच्या हिरोसाकी विद्यापीठातील प्राध्यापक काझुयुकी सातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधले. त्यांचे म्हणणे साधे होते. येथे राहणाऱ्या परदेशी माणसाला थोडेफार बाजारहाटाचे, कामावरचे जपानी येतेच. त्याला कठीण जपानी शिकायला वेळ नाही. मग जपानी माणसानेच आपले जपानी सोपे का करू नये?

यातून 'यासाशी निहोंगो' म्हणजे 'सोपी जपानी' तयार झाली. १९९९ मध्ये संकटकाळी कसे बोलावे आणि कसे लिहावे याची पुस्तिका निघाली. शब्द सुमारे २,०००, म्हणजे भाषा शिकू लागलेल्याला जेवढे येतात तेवढेच. वाक्य लहान. एका वाक्यात एकच गोष्ट. 'नाही असे नाही' अशी दुहेरी नकाराची वाक्ये नकोत. 'बहुधा', 'शक्यतो' असे मोघम शब्द नकोत. जपानी लिपीतील चित्रासारखी अक्षरे, ज्यांना कांजी म्हणतात, ती जपानी मुलांना शिकायलाच शाळेची नऊ वर्षे लागतात. रोजच्या वापरासाठी ठरविलेली कांजी अक्षरेच २,१३६ आहेत. म्हणून प्रत्येक कांजीवर तिचा उच्चार साध्या अक्षरांत छापावा, असाही नियम केला.

काही उदाहरणे पाहा. 'दान्सुइ' ऐवजी 'पाणी येत नाही'. 'ताकिदाशी' ऐवजी 'गरम जेवण फुकट देत आहोत'. 'दोसोकु गेन्किन', म्हणजे पादत्राणांसह प्रवेशास सक्त मनाई, याऐवजी 'कृपया बूट काढा'. 'ताकादाइ येथे हिनान करा' याऐवजी 'उंच जागी पळा'.

आणि एक बारीक गोष्ट. संकटात पुन्हा पुन्हा कानावर येणारे शब्द त्यांनी गाळले नाहीत. 'योशिन' हा शब्द ठेवला आणि लगेच पुढे सांगितले, 'नंतर येणारा भूकंप'. म्हणजे माणसाला त्या क्षणी अर्थ कळला आणि पुढच्या वेळेसाठी शब्दही शिकता आला. अडाणी ठेवण्यासाठी सोपे केले नाही. शिकता यावे म्हणून सोपे केले. आम्हाला या साऱ्या उपक्रमाचे मर्म येथेच दिसते.

सातो यांच्या गटाने परदेशी विद्यार्थ्यांवर चाचणीही घेतली. नेहमीच्या भाषेतील बातमी ऐकून सुमारे ३० टक्के उत्तरे बरोबर आली. तीच बातमी सोप्या जपानीत ऐकविली तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ९० टक्क्यांवर गेले. ऐकणारे सारखेच, बुद्धी सारखीच. बदलली ती फक्त सांगणाऱ्याची भाषा.

जपानी भाषेत 'यासाशी' या उच्चाराचे दोन अर्थ होतात. एक सोपा, दुसरा मायाळू. या उपक्रमाचे नाव त्यामुळे दोन्ही बाजूंनी खरे ठरले. समोरच्याला कळेल असे बोलणे हीच त्याच्यावरची माया.

याआधीचे प्रयत्न

भाषा सोपी करण्याचा विचार जगात नवा नाही. इंग्लंडच्या सी. के. ऑग्डेन या विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' जगापुढे मांडली. केवळ ८५० शब्दांत इंग्रजीचा सारा व्यवहार करावा, अशी ती योजना. त्यात क्रियापदे फक्त १८. १९४३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनीही तिची बाजू घेतली. पण अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी चर्चिलना थट्टेने विचारले, की तुमच्या गाजलेल्या भाषणातील 'अश्रू' आणि 'घाम' यांचे काय करणार? ८५० शब्दांत ते बसत नाहीत. मग 'डोळ्याचे पाणी' आणि 'चेहऱ्याचे पाणी' म्हणावे लागेल!

थट्टा सोडून दिली तरी अडचण खरी होती. क्रियापदे कमी केल्यामुळे 'पुट अप विथ' म्हणजे 'सहन करणे' असे जोडशब्द वापरावे लागत. शब्द तिन्ही सोपे, पण एकत्र आल्यावर अर्थ लागता लागत नाही. आपली मुले इंग्रजी शिकताना नेमकी येथेच अडखळतात, हे पालकांनी ध्यानात ठेवावे. शब्द मोजके असले की भाषा आपोआप सोपी होते, असे नाही.

पुढे १९ ऑक्टोबर १९५९ पासून 'व्हॉइस ऑफ अमेरिका' या रेडिओने 'स्पेशल इंग्लिश' मधून बातम्या सुरू केल्या. सुमारे १,५०० शब्द, लहान वाक्ये आणि निवेदन सावकाश. देशोदेशीच्या कितीतरी लोकांनी रेडिओला कान लावून त्यावर आपले इंग्रजी घासूनपुसून घेतले. हा प्रयत्न ऑग्डेनपेक्षा अधिक लोकांच्या उपयोगी पडला. कारण त्यात नवी भाषा घडविण्याचा हट्ट नव्हता. तीच भाषा, फक्त हळू आणि सरळ.

तरीही या दोन्हींत शिकणारा परका होता आणि इंग्रजीपर्यंत चालत जाण्याचे ओझे त्याच्यावरच होते. कोबेनंतरच्या जपानने प्रश्न उलटा केला. जो भाषा जाणतो त्याने चार पावले पुढे यावे, असे तेथे ठरले.

आईच्या हाती शाळेची चिठ्ठी

भूकंपासाठी निघालेली ही भाषा पुढे रोजच्या जगण्यात आली. १९९० मध्ये जपानच्या कायद्यात बदल झाल्यावर ब्राझील, पेरू या देशांतून जपानी वंशाचे पुष्कळ लोक मोटारीच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांत कामाला आले. त्यांची मुले जपानी शाळेत जाऊ लागली. शाळेतून चिठ्ठी येई, की अमुक दिवशी सहल आहे, 'उतेन केक्को', 'बेन्तो जिसान'. आईला चिठ्ठी वाचता येत नसेल तर लेकरू सहलीला डबा न घेताच जाणार. साऱ्या मुलांनी डबे उघडले की हे एकटे बाजूला बसणार. 'पाऊस आला तरी सहल जाईल. डबा घेऊन या.' एवढे लिहिले असते तर त्या आईचा आणि लेकराचा मान राहिला असता. जपानमधील कितीतरी शाळा आणि नगरपालिका पुढे अशा चिठ्ठ्या सोप्या भाषेत लिहू लागल्या.

११ मार्च २०११ च्या महाभूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर हा विचार आणखी पसरला. २०१२ मध्ये जपानच्या सार्वजनिक वाहिनीने, एनएचकेने, सोप्या जपानीतील बातम्या इंटरनेटवर सुरू केल्या. ऑगस्ट २०२० मध्ये सरकारने सर्व कार्यालयांसाठी सोप्या जपानीची मार्गदर्शक तत्त्वे काढली. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो भागात मोठा भूकंप झाला, तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्यावर लहान मुलालाही वाचता येतील अशा अक्षरांत मोठ्याने लिहिले होते, 'त्सुनामी! पळा!' १९९५ मध्ये जे नव्हते ते आले होते. २०२४ च्या अखेरीस जपानमध्ये ३७ लाखांहून अधिक परदेशी लोक राहत होते. सोप्या भाषेची गरज त्यांच्यापुरतीच नाही, हेही एव्हाना कळून चुकले आहे. म्हातारी माणसे, लहान मुले आणि खुणांची भाषा हीच ज्यांची पहिली भाषा आहे असे कर्णबधिर लोक, या सर्वांना तिचा उपयोग होतो.

आक्षेप घेणारेही आहेत. सोपी भाषा म्हणजे भाषेचा अपमान, अशाने भाषा दरिद्री होईल, असे काहींना वाटते. जपानी भाषेत आदराचे बोलणे फार मोलाचे मानतात. ते गाळले तर उद्धटपणा होईल, अशी भीती काहींनी बोलून दाखविली. त्यावर उपाय म्हणून साधी आदरार्थी रूपे ठेवली आणि फक्त अवघड मानाची रूपे वगळली. कथा-कवितेची भाषा कोणी काढून घेत नाही. ती तिच्या जागी आहेच. आणि सोपी भाषा दुभाष्याची जागाही घेऊ शकत नाही. कोर्टात, दवाखान्यात, जिथे एका शब्दावर माणसाचे पुढचे आयुष्य ठरते, तिथे त्याला त्याच्या भाषेतच समजावून सांगितले पाहिजे.

आपल्या दारातली नोटीस

आता आपल्या घराकडे येऊ. आमच्या वस्तीत नळाजवळ एकदा नोटीस लागली होती, 'देखभाल व दुरुस्तीच्या अनुषंगाने उद्या पाणीपुरवठा खंडित राहील, तरी नागरिकांनी नोंद घ्यावी.' प्रौढ वर्गात अक्षरे गिरवून वाचायला शिकलेल्या एका आजींनी एक एक अक्षर लावून ती सारी वाचली. मग शाळेतून येणाऱ्या नातीला विचारले, "हे काय लिवलंय गं?"

नात म्हणाली, "आजी, उद्या दिवसभर नळाला पाणी नाही. आजच भरून ठेव."

आजी म्हणाल्या, "मग असंच लिवायचं की!"

आजींना वाचता येत होते. चूक त्यांची नव्हती. तरीपण नातीला विचारताना त्यांचा चेहरा ओशाळा झाला होता. कठीण भाषा हीच कामगिरी बजावते. दोष लिहिणाऱ्याचा आणि लाज वाचणाऱ्याला. अक्षरबंदी गेली, शाळेचे दार उघडले, पण 'अनुषंगाने' आणि 'खंडित' असे शब्द दारात राखण बसले, तर त्या उघडलेल्या दाराचा काय उपयोग?

आपल्याला तर हा विचार नवा नाही. विनयपिटकातील चुल्लवग्गात कथा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंना वाटले, की निरनिराळ्या कुळांतील माणसे आपापल्या बोलीत बुद्धवचन सांगून ते बिघडवताहेत. तेव्हा ते छंदस्‌ मध्ये, म्हणजे विद्वानांच्या भाषेत, बांधून ठेवावे. तथागतांनी त्यांना नकार दिला आणि बुद्धवचन आपापल्या भाषेतच शिकावे, अशी अनुज्ञा दिली. ज्ञान सर्वांच्या हाती जावे असे ज्याला वाटते तो भाषेचे कुंपण घालीत नाही.

जपानमध्ये सोप्या भाषेचा एक नियम 'हासामी' या शब्दात बसवून शिकवितात. हासामी म्हणजे कात्री. 'हा' म्हणजे हाक्किरी, स्पष्ट बोला. 'सा' म्हणजे साइगो मादे, वाक्य अर्धवट न सोडता शेवटपर्यंत बोला. 'मि' म्हणजे मिजिकाकु, थोडक्यात बोला. आपल्या शिंपीकाम जाणणाऱ्या भगिनींना ही कात्री चटकन हाती धरता येईल. कापड फाडायचे नाही, जादाचे तेवढे कापायचे.

आमची शिकलेल्या मुलामुलींना विनंती आहे. घरात वीजबिल, बँकेचा कागद, दवाखान्याची चिठ्ठी किंवा सरकारी नोटीस आली, की ती नुसती वाचून दाखवू नका. तिच्या पाठीमागे पेन्सिलने तीन ओळी लिहा. काय झाले आहे, आपण काय करायचे आहे, कोणत्या तारखेपर्यंत करायचे आहे. अक्षर मोठे काढा. एखादा अवघड शब्द पुन्हा पुन्हा येणारा असेल तर तो ठेवा आणि शेजारी त्याचा अर्थ लिहा. मग तो कागद आई-वडिलांना किंवा आजी-आजोबांना स्वतः वाचू द्या. आणि विहाराच्या, मंडळाच्या, सोसायटीच्या फळ्यावर सूचना लिहिण्याची पाळी तुमच्यावर आली, तर लिहिण्याआधी एकदा त्या नळाजवळच्या आजींना आठवा.

शिकलेला माणूस किती कठीण बोलतो, यावरून त्याचे शिक्षण मोजण्याची सवय आपण सोडून देऊ. त्याचे बोलणे घरातल्या सर्वांत कमी शिकलेल्या माणसाला किती कळते, यावरून मोजू.